मुक्या जिवांचे थकलेले वैद्य

रात्री अकराचा सुमार. गोठ्यात गाय अडलेली. वासराचे पाय बाहेर आलेले, पण मान आत मुरडलेली. विजेरीच्या उजेडात जनावरांचा डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून तासभर झगडतो. गाय वाचते, वासरू मात्र हाती लागते ते मेलेले. घरी जाऊन पाठ टेकावी, तो पहाटे दुसऱ्या गावचे बोलावणे येते. आणि सकाळी लसीकरणाचा गोषवारा तालुक्याला धाडायचा असतोच. हे एका दिवसाचे चित्र असते, तर त्याला कष्ट म्हणून भागले असते. पण वर्षानुवर्षे जेव्हा हेच घडते, तेव्हा आधी शरीर थकते, मग मन निबर होते आणि शेवटी आपल्या कामाला काही अर्थ आहे यावरचा विश्वासच उडतो.

या अवस्थेला फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ म्हटले. आपण तिला उमेद करपणे म्हणू या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात तिला रोग न म्हणता कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम मानले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष माणसाच्या मनात नसून कामाच्या मांडणीत असेल, तर उपायही तेथेच शोधला पाहिजे.

पशुवैद्यकांच्या बाबतीत हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे परदेशांनी पाहिले आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पशुवैद्यकांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत पुरुषांत दुपटीहून अधिक आणि स्त्रियांत सुमारे साडेतीनपट असल्याचे त्यात दिसून आले. तेथील परिस्थिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हे खरे. पण आपल्याकडील ओझे त्याहून हलके आहे, असे समजण्यास आधार कोणता?

आता आपल्या राज्याचा हिशेब पाहू. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच केली होती. त्या मापाने केवळ गाई-म्हशींसाठीच जवळजवळ ३,९०० पशुवैद्यक लागतात. शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या त्यात धरलेल्याच नाहीत. ज्या तालुक्यात मंजूर जागा रिकामी राहते, तेथे तिचा ‘अतिरिक्त कार्यभार’ शेजारच्या डॉक्टरच्या गळ्यात पडतो. शाळेत दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला आणि दोन टेबलांच्या फायली उपसणाऱ्या कारकुनाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि बघता बघता तो राज्यभर पसरला. साऱ्या गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याचे काम हाती घेतले गेले. उपचार, लसीकरण, मृत जनावरांचे पंचनामे, नुकसानभरपाईचे कागद, हे सारे त्याच मोजक्या माणसांनी निभावले. दुभत्या गाईमागे तीस हजार आणि बैलामागे पंचवीस हजार रुपये भरपाई ठरली. पण पोळ्याला सजवायचा बैल ज्याच्या दावणीला मेला, त्या कुटुंबाचे रडे त्या रकमेत मोजले जात नाही. आणि दिवसाला अशा चार दावणींपुढे उभे राहणाऱ्या डॉक्टरच्या मनात काय साचते, याची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

त्यात जिवाची धास्तीही असते. घशात काही अडकले असेल म्हणून जनावराच्या तोंडात हात घालावा आणि पुढे ते पिसाळलेले निघावे, असे प्रसंग या व्यवसायात येतात. कालवडींना देण्याची सांसर्गिक गर्भपाताची लस जिवंत जंतूंची असते. चुकून सुई स्वतःला टोचली, तर तोच आजार डॉक्टरला जडू शकतो.

‘दवाखान्यात डॉक्टर भेटत नाहीत, भेटले तर पैसे मागतात’ ही शेतकऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कामचुकारपणाला क्षमा नसावी. परंतु पाच गावांना पुरेल एवढा माणूस पंचवीस गावांना वाटला, तर चोवीस गावांना तो ‘भेटत नाही’ असेच वाटणार. शेतकऱ्याचा संताप आणि डॉक्टरचा थकवा यांचे मूळ एकच आहे; दुर्दैव हे की दोघे गोठ्यात एकमेकांवरच चिडतात.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. रिक्त जागांची भरती ठरलेल्या मुदतीत दरवर्षी व्हावी. रात्रीच्या बोलावण्यांसाठी तालुक्यात पाळी लावावी आणि रात्र जागलेल्याला दुसऱ्या दिवशी हक्काची विश्रांती मिळावी. नोंदी व अहवाल यांसाठी लेखनिक द्यावा. पिसाळरोगाची प्रतिबंधक लस आणि हातमोजे मागावे लागू नयेत. साथीच्या दिवसांनंतर सक्तीची रजा असावी, आणि मन मोकळे करण्यासाठी जाणत्या समुपदेशकाची सोय असावी. तिचा लाभ घेणाऱ्याला दुबळा ठरवू नये.

परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून या विद्येची परंपरा आपल्याकडे आहे. नव्या पिढीतील बुद्धिमान मुले-मुली आजही तिच्याकडे वळतात. ती उमेदीने येतात; दहा वर्षांनी ती उमेद त्यांच्यात शिल्लक राहील की नाही, हे आपण त्यांना कसे राबवतो यावर ठरेल. जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही, म्हणून त्याला डॉक्टर हवा. त्या डॉक्टरला बोलता येते. प्रश्न फक्त ऐकणाऱ्याचा आहे.