विश्लेषण : मावळातल्या थंडीत गाडीला नेमके काय लागते?

डिसेंबर-जानेवारीतल्या निरभ्र रात्रीनंतर पहाटे भाजे गावातून लोहगडवाडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर थांबून खाली पाहिले, की इंद्रायणीचे खोरे पुष्कळदा पांढऱ्या थराखाली गेलेले असते. मळवली स्थानक, कापणी झालेली भातखाचरे आणि त्यांच्यामधून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सगळेच त्याखाली. वर मात्र आकाश लख्ख. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. थंडीतल्या शनिवार-रविवारी याच रस्त्याने गाडी वर न्यायचा बेत अनेक घरांत शिजत असतो. अशा वेळी गाडीची कोणती तयारी खरोखर उपयोगाची आणि कोणती नुसती खर्चाची?

थंडीने गाडी बिघडते का?

मावळात तरी नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘विंटर चेकलिस्ट’ बहुतेक बर्फाच्या देशांसाठी लिहिलेल्या असतात. हिवाळी टायर, साखळ्या, डिझेल गोठू नये म्हणून टाकायचे द्रव, यातले काहीही इथे लागत नाही. पुण्याचे आजवरचे नीचांकी तापमान १७ जानेवारी १९३५ चे, १.७ अंश सेल्सिअस. म्हणजे तेव्हाही पारा शून्याच्या वरच होता. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे डिझेल घट्ट होते म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारे खास डिझेल आणले. मावळात प्रश्न इंजिनाचा कमी आणि दिसण्याचा व थांबण्याचा जास्त आहे.

धुके घाटात की सपाटीवर?

पावसाळ्यात खंडाळ्याच्या माथ्यावर दिसते ते बहुधा खाली उतरलेले ढग असतात. हिवाळ्यातले धुके निराळे. रात्री आकाश मोकळे असले, की जमीन वेगाने थंड होते, थंड जड हवा उतारावरून खोऱ्यात साचते आणि नदीकाठचा, ओल्या खाचरांतला ओलावा तिथेच गोठून बसल्यासारखा थांबतो. म्हणजे ते घाटाऐवजी लोणावळ्याच्या पुढच्या सपाट पट्ट्यात साचते. घाटात कारला ताशी ६० किमीची मर्यादा आहे, तर या पट्ट्यात १०० ची. धुके बसते ते नेमके वेगाच्या जागी, आणि या विषयातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच आहे.

हवामान विभाग २०० मीटरच्या आतल्या दृश्यमानतेला दाट धुके म्हणतो आणि ५० मीटरच्या आतलीला अतिदाट. आता हिशेब करा. ताशी १०० किमीला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ४२ मीटर गेले. त्यानंतर चांगल्या ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर आणखी ५५ मीटर. म्हणजे थांबायला जवळपास शंभर मीटर लागतात. ताशी ६० ला हेच अंतर ४५ मीटर, ४० ला २५ मीटर. अतिदाट धुक्यात साठचा वेगही काठावरचा ठरतो, आणि दवाने रस्ता ओला असेल तर तोही जास्त.

दिवे लो बीमवरच हवेत. हाय बीमचा झोत धुक्यातल्या थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडची सवय तर सोडायलाच हवी. मागच्याला गाडी उभी आहे की चालली आहे हे कळत नाही आणि वळण्याचा इशाराही देता येत नाही. काहीच दिसेनासे झाले, तर लेनमध्ये किंवा कडेच्या पट्ट्यावर थांबू नका. हळूहळू फूड मॉल किंवा पुढचा एक्झिट गाठा.

काच आतून का धुरकटते?

लोहगड उतरून घामेजलेले चार जण गाडीत बसतात, थंडी म्हणून काचा बंद करतात आणि मिनिटभरात समोरचे दिसेनासे होते. श्वासातली वाफ थंड काचेवर जमते. हाताने पुसले, की तेलकट फराटे उठतात आणि समोरून दिवे आले की तेच चमकतात. उपाय असा : हवा काचेकडे वळवा, ‘रिसर्क्युलेशन’ बंद करा, तापमान गरम बाजूला न्या आणि एसी सुरू करा. थंडीत एसी कशाला, असे घरोघरी विचारले जाते. एसी हवेतला ओलावा काढतो, इथे तेवढेच काम हवे असते. निघण्याआधी काच आतून स्वच्छ पुसलेली असेल, तर निम्मा त्रास वाचतो. वायपरचे रबर पावसाळ्यात झिजलेले असते, तेही आत्ताच बदला.

टायर, बॅटरी, कूलंट

चार वर्षे अभियांत्रिकी शिकून वायूचे समीकरण माझ्या पहिल्यांदा कामी आले ते पेट्रोल पंपावर. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा भाज्याच्या ११ अंशांच्या पहाटे साडेतीन पीएसआयने कमी भरते. टायर पंक्चर नसतो, हवा आकसलेली असते. म्हणून दाब गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासावा. द्रुतगती मार्गावरून तापून आलेल्या टायरचा आकडा फसवा असतो.

बॅटरी मारते ती एप्रिल-मेची उष्णता. जानेवारीची पहाट ती मेल्याचे फक्त जाहीर करते. इंजिन रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ठीक, १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली. तीन-चार वर्षांची असेल, तर सहलीआधी तपासून घ्या.

कूलंटही आपल्याकडे गोठण्यासाठी नसतोच. तो उकळण्याचा बिंदू वाढवतो आणि गंज रोखतो. टाकीत नळाचे पाणी ओतणाऱ्यांना त्याची किंमत घाटात कळते. पवनेच्या काठी तंबूऐवजी गाडीत झोपणाऱ्यांसाठी आणखी एक : उबेसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लोहगडवाडीहून उतरताना

वर जाताना गाडी धापा टाकते, म्हणून लक्ष चढाकडे असते. जपायचे असते उताराला. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. सतत ब्रेक दाबून उतरलात, तर ब्रेक ऑइल तापते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, मावळातल्या पावसाळ्यात तर भरपूर. नवे डॉट-४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. ते उकळले, की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात ते यासाठी. उतारावर चाकांजवळून जळका वास आला, तर रुंद जागा पाहून थांबा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतले पाणी ओतू नका, ती वाकते.