जिन्याखालची सायकल

दिवाळीचा पाडवा आला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात सायकलींच्या दुकानांपुढे आईबापांची गर्दी लोटते. चिरंजीवांना, आणि कन्यारत्नांनाही, गियरची सायकल हवी असते. रुंद खाचदार टायर, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा, डिस्क ब्रेक, एकवीस गियर, असा सारा सरंजाम घरी येतो. हँडलला झेंडूचा हार पडतो, कुंकवाचे बोट लागते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती सायकल जिन्याखाली धूळ खात उभी राहते. फार तर तिने कॉलनीच्या फाटकापर्यंत जावे, अशी आज्ञा! डोंगरासाठी घडविलेल्या वाहनाला फाटकाची सीमा घालणे म्हणजे अरबी घोडा आणून घाण्याला जुंपणे होय.

हे वाहन जन्मले कशासाठी, ते तरी पाहावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या, जड सायकली घेऊन डोंगरउतारावर सुटत. १९७६ साली त्यांनी शर्यतच लावली. खाली येईतो मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नाव ‘रीपॅक’ पडले. भंगारातून निघालेला हा खेळ १९९६ साली ऑलिंपिकमध्ये गेला. आज भूमध्य समुद्रातील सायप्रस-माल्टासारख्या बेटांवर, सागरकाठच्या खडकाळ पायवाटांनी सायकली हाकायला देशोदेशीचे लोक पदरमोड करून जातात. त्यांची चित्रे आपण मोबाइलवर पाहतो आणि तोंडात बोट घालतो.

अहो, पण खडकाचा मक्ता काय त्या बेटांनीच घेतला आहे? समुद्र आपल्यापाशी नाही, हे कबूल. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आपल्या उंबऱ्याशी आहे. विद्यापीठामागे गोगाबाबाची टेकडी आहे, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर आहेत. दौलताबाद, खुलताबाद ओलांडून पुढे म्हैसमाळचे पठार आहे. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून सायकल जागची हलू देत नाही. उन्हाळ्यात खडक भाजून काढतो. पण दिवाळीनंतर वाट घट्ट होते, गवत सोनेरी पडते, आणि पायमोज्यांत घुसणारी कुसळे सोडली तर तक्रारीला जागा उरत नाही.

आता पालकांचे आक्षेप ऐकू. पहिला आक्षेप : रस्त्यावर गाड्या अंगावर येतात. अगदी खरे! आपल्या शहरांनी रस्ते रुंद केले ते मोटारींसाठी. सायकलस्वाराच्या वाट्याला गटाराची कड आली. या पापाचा जाब नगरपित्यांना विचारलाच पाहिजे. परंतु टेकडीच्या पायवाटेवर ट्रक येत नाही. रविवारी पहाटे मुलाबरोबर पायथ्यापर्यंत बापाने जावे, आईने जावे; एवढे अंतर आपणांस जड का वाटावे?

दुसरा आक्षेप : हातपाय मोडले तर? डोक्याला हेल्मेट असू द्या, पंक्चरचे सामान जवळ ठेवा, लेण्यांच्या आवारात नि वनखात्याच्या रोपांत शिरू नका, आणि मग गुडघा खरचटू द्या. मी शाळामास्तर आहे म्हणून सांगतो, जे त्या वाटेवर शिकायला मिळते ते फळ्यावर लिहिता येत नाही. चढ लागण्यापूर्वीच गियर हलका करावा. चढात अडकल्यावर बदलू गेले तर साखळी कुरकुरते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळू नये, अंग मागे न्यावे. आणि नजर धोंड्यावर न ठेवता धोंड्याशेजारच्या वाटेवर ठेवावी, कारण नजर जिकडे, चाक तिकडे. दहावीच्या कोणत्या धड्यात हे आहे?

तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, पण मनात तोच असतो : सायकल म्हणजे गरिबी, आणि मुलींनी रानात कशाला जावे? याचे उत्तर खेड्यांतल्या मुली रोज देत आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलीचे साहाय्य मिळते. पाठीला दप्तर, गियर एकही नाही, खाली बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि बाभळीचे काटे! खडतर वाटेची खरी सायकलपटू तीच आहे. तिच्या गळ्यात मात्र कोणी पदक घालीत नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विशीत, २०१८ साली, सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार केली. ही माणसे जिन्याखाली वाढली नाहीत.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. शाळांनी वर्षातून एक सहल बसऐवजी सायकलींनी, टेकडीच्या वाटेने काढावी. जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धांत या कच्च्या वाटांची शर्यत असावी, आणि तीत खेड्यातल्या त्या मुलींना बिनगियरच्या सायकलीनिशी मानाने बोलवावे. ज्याच्या घरी एकवीस गियर आहेत, त्याला तरी कळेल की पायांत किती आहेत.

वाचकहो, या दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतील, त्यावर हळिवाचे रान उगवतील, मावळे मांडतील. फार चांगले. परंतु देवगिरीचा खरा किल्ला शहरापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर उभा आहे. भाऊबीज उरकली की जिन्याखालचे कुलूप काढा, चाकांत हवा भरा, आणि मुलांना त्यांचा डोंगर दाखवा.