बिनपगारी सल्ला कोणाला परवडतो?

वडगाव निंबाळकरच्या शिवारातील पाटाला पाणी कधी येणार, हे वडगावात ठरत नाही. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन केव्हा सुटावे, किती दिवस चालावे आणि आधी कोणाला मिळावे, याचा विचार कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. ही बैठक रब्बीच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, बहुधा पुण्यात, मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली भरते. समितीचे काम नावाप्रमाणे केवळ सल्ला देण्याचे. परंतु भाटघर आणि वीर धरणांतील पाण्यापैकी पिण्यासाठी किती राखायचे आणि उभ्या पिकांना किती द्यायचे, याबाबत तेथे जे ठरते त्यावरच बारामती व इंदापूर तालुक्यांतील हंगाम चालतो.

या समितीत अधिकारी असतात, आमदार-खासदार असतात, साखर कारखान्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांच्या जोडीला काही अशासकीय सदस्यही असतात. अधिकारी नोकरीच्या बळावर बोलतो, आमदार मतांच्या बळावर. अशासकीय सदस्याने मात्र कोणाच्या बळावर आणि कोणाच्या वतीने बोलावे? तो स्वयंसेवक आहे, बिनपगारी काम करतो, एवढ्यावर आपल्याकडे त्याला शाबासकी देऊन हा प्रश्न मिटवला जातो. वस्तुतः प्रश्न तेथूनच सुरू होतो.

डावा कालवा १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात उभा राहिला. दुष्काळी मुलखातील भुसार पिकांना आधार हा त्यामागचा हेतू. पुढे त्या पाण्यावर ऊस आला, विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांच्या नावाशी निगडित असलेली ब्लॉक पद्धत आली, स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने आले. नीरेकाठचा बागायतदार संपन्न झाला, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण पाणी वरून खाली वाहते आणि सत्ताही बरीचशी तशीच वाहते. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला दोन दिवस जास्त मिळालेले पाणी इंदापूरकडच्या शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याच्या तोंडचे असते. मग समितीत बसणाऱ्याची जमीन कोणत्या चारीवर आहे, तिच्यात ऊस किती आहे, तो कोणत्या कारखान्याचा संचालक आहे, हे बैठकीपूर्वी सर्वांना ठाऊक असावयास नको काय? हितसंबंध असणे हा गुन्हा नव्हे. शेतकऱ्यांच्या समितीत शेतीशी संबंध नसलेला मनुष्य बसवून काय साधणार? तो संबंध झाकून ठेवून सार्वजनिक हिताच्या भाषेत बोलणे, हा मात्र गुन्हाच मानला पाहिजे.

त्याहूनही मूलभूत प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. बिनपगारी काम फुकट नसते. त्याची किंमत कोणीतरी भरतच असते. वडगावच्या शेतमजूर बाईने पुण्याच्या बैठकीला जायचे म्हटले, तर अख्खा दिवस एस. टी.त आणि सभागृहात जाणार. त्या दिवसाचा तिचा रोज बुडणार, आणि घरची गुरे व मुले शेजारणीच्या भरवशावर. बागायतदाराचा एक दिवस गेला म्हणून त्याच्या घरची चूल विझत नाही. अशा स्थितीत ‘समिती सर्वांना खुली आहे’ असे म्हणणे म्हणजे पंचतारांकित हॉटेल सर्वांना खुले आहे असे म्हणण्यासारखे आहे. मानसेवेच्या नियमानेच समितीची निवड आधी होऊन जाते. नेमणुकीचा आदेश नंतर निघतो.

कोणी म्हणेल, सल्ल्याला मोबदला दिला की सेवाभाव संपेल. हा युक्तिवाद जुना आहे. इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या आपल्या सनदेत पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळाले पाहिजे, अशी मागणी केली होती. धनिकांखेरीज कोणाला सभागृहात बसताच येऊ नये, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. ती मागणी पदरात पडायला १९११ साल उजाडावे लागले, आणि त्यामुळे पार्लमेंट बुडाले नाही. आपल्याकडे अधिकारी सरकारी गाडीने बैठकीला येतात, त्यांचा पगार त्या दिवशीही चालू असतो. सेवाभावाची सक्ती तेवढी गावातून आलेल्या माणसालाच का?

भूमिहीनाचा कालव्याशी संबंध काय, असेही विचारले जाते. संबंध असा, की अनेक पाणीयोजनांचे साठवण तलाव आवर्तनातूनच भरतात आणि हंगाम फसला की पहिला रोज त्याचाच जातो. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिने जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे तर कुटुंबातील माणसांवर पाण्याचा वाटा ठरवला, भूमिहीनालाही हक्क दिला आणि त्या पाण्यावर ऊस घेण्यास बंदी केली. डाव्या कालव्यावर तेच नियम जसेच्या तसे लागू करा, असे कोणी म्हणत नाही. पण ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याविषयी मत असते, हे तेवढ्या अंतरावर सिद्ध झालेले असताना कालव्याच्या समितीत त्याला जागा नसावी, हे कोणत्या न्यायाने?

कायद्याला असे काही सुचतच नाही, असे नव्हे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे स्पष्ट लिहिले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर सांगते, की सल्ला देण्यासाठी नेमलेल्या समित्यांची यादी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने मागितल्यावाचून प्रसिद्ध करावी. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत काय, इतिवृत्त पाहता येते काय, हेही सांगावे. म्हणजे कालवा समितीचे इतिवृत्त वडगावच्या चावडीवर लावायला नव्या कायद्याची गरज नाही, इच्छेची आहे. त्या इतिवृत्तात कोणी काय मत मांडले आणि कोणी विरोध नोंदवला, हेही यावे. ‘सर्वानुमते ठरले’ या दोन शब्दांखाली टेलच्या शेतकऱ्याचा आवाज पुरला जाऊ नये.

सदस्याकडूनही काही मागणे रास्त आहे. नेमणुकीची मुदत ठरलेली असावी आणि लागोपाठ गैरहजर राहणाऱ्याची जागा आपोआप रिकामी व्हावी. पाटकऱ्याकडे किती मागणी अर्ज आले आणि मागील आवर्तनात शेवटच्या चारीला किती दिवस पाणी पोचले, हे विचारून मगच त्याने बैठकीला जावे. आयत्या वेळी मंत्र्यांचे आभार मानायला जाऊ नये. आभारप्रदर्शनासाठी माणसे कधीच कमी पडत नाहीत. आणि मोबदला म्हणून मानधनाची चैन नको. शासनानेच ठरवलेले शेतमजुरीचे किमान वेतन आणि एस. टी.चे भाडे बैठकीच्या जागीच हातात पडले तरी पुरे.

ग्रामसभा बहुतेक गावांत २ ऑक्टोबरला आणि २६ जानेवारीला भरतात. पहिली रब्बीच्या नियोजनाच्या सुमारास येते, दुसरी उन्हाळी नियोजनाच्या आधी. वडगाव निंबाळकरच्या आणि कालव्यावरील इतर गावांच्या ग्रामसभांनी या दोन दिवशी पाण्याच्या मागणीचा ठराव करून तो आपल्या भागातील सदस्याच्या हाती द्यावा, आणि त्याचे पुढे काय झाले याचा जबाब १ मे च्या सभेत उभे राहून द्यायला त्याला सांगावे.