द्राक्षाची गोडी कोणी मोजायची?



"वाइनचे आम्हाला काय?" असे म्हणून पान उलटू नका. दिंडोरी-निफाडकडचा वाइनच्या द्राक्षाचा बागायतदार आणि वाइनरी यांचा व्यवहार आपल्या व कारखान्याच्या व्यवहाराचा चुलतभाऊच आहे. माल नाशवंत, गिऱ्हाईक ठरलेले आणि सगळी मदार साखरेवर. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. वाइनरीने नाकारले तर बाजारात त्याला कोण विचारतो? राज्य शासनाने 2001 साली वाइन उद्योगासाठी धोरण आणले, बागा वाढल्या. पुढे 2008 नंतरच्या मंदीत मागणी घसरली, तेव्हा कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या.

गोडी मोजतात रिफ्रॅक्टोमीटरने. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आपले शेतकी खाते उसाची पक्वता पाहायला तेच वापरते. वाइनला साधारण 22 ते 24 ब्रिक्स लागतो. यंत्र स्वस्त आहे, समजायलाही सोपे. भांडण यंत्राचे नाहीच, मणी कुठला घेतला याचे आहे. उन्हातल्या घडाचा आकडा वेगळा, सावलीतल्याचा वेगळा. घडाच्या खांद्याचा मणी शेंड्यापेक्षा गोड. आपल्या उसात बुडखा गोड आणि वाढे पाणचट, तसेच हे. म्हणून सबंध बागेतून फिरून शंभरेक मणी गोळा करून, त्यांचा एकत्र रस काढून मोजणे हाच खरा नमुना.

आता खरी मेख ऐका. गोडी वाढावी म्हणून आणखी आठ दिवस थांबले की मणी सुकतो, वजन घटते. पैसे तर किलोवर! वाइनरी म्हणते थांबा, बागायतदार म्हणतो आजच काढा. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर. अशा वेळी शेवटच्या पंधरा दिवसांचे ब्रिक्स, आम्लता, तारीख, प्लॉट हे सगळे दोघांच्याही मोबाइलवर असेल तर बोलणे आकड्यावर होते. पण वाइनरीचा माणूस येऊन आकडे आपल्याच फोनात भरून गेला आणि बागायतदाराला फक्त "परवा काढणी" एवढाच मेसेज आला, तर त्याला मी तंत्रज्ञान म्हणणार नाही. ती जुनी सावकारी वहीच झाली, फक्त काचेच्या पडद्यावरची.

छोट्या वाइनरीला हे परवडत नाही असे सांगतात. मला ते पटत नाही. आकड्याचा फोटो काढून पाठवायला कसला खर्च? मात्र असे आकडे भावासाठी ग्राह्य धरले जातील हे करारात लिहून घेतले पाहिजे. नाहीतर फोटो राहतात फोनात आणि कपात होते बिलात.

आपल्याकडे एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, त्यामुळे एकट्या सभासदाच्या गोडीला वेगळा भाव नाही. क्वीन्सलंडमध्ये ज्याच्या-त्याच्या उसाचा नमुना तपासून पैसे देतात. तो मोठा विषय आहे, पुन्हा केव्हातरी. पण तोडणीपूर्वी चिटबॉय आपल्या फडात येऊन ब्रिक्स घेतो तो आकडा सभासदाला का मिळू नये? वजनाचा मेसेज येतोच. त्याच मेसेजात ब्रिक्स आणि नमुना घेतल्याची तारीख घाला, आणि नमुना घेताना सभासदाला बांधावर बोलवा. शेतकी समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी लेखी देत आहे. ज्यांना पटते त्यांनी गट ऑफिसात येऊन सही करावी.