खिडकीतून लोंबणारी वायर

पाणी गाळून पिणारी आपली घरं इलेक्ट्रिक गाडी मात्र खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशन वायरवर रात्रभर चार्ज करतात. याला काटकसर म्हणू नका. हिशेब सोपा आहे. ३.३ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टवर १४ अँपिअरहून जास्त करंट ओढतो, तोही तासन्‌तास. मिक्सरसारखा दोन मिनिटं नव्हे. अशाने बारीक वायर तापते, सैल प्लग वितळतो. स्वतंत्र जाड वायर, वेगळा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. गाडीला लाखो रुपये मोजणाऱ्यांनी इलेक्ट्रिशियनच्या बिलावर घासाघीस करावी? जीवदया किड्यामुंग्यांपुरतीच नसते. वर झोपलेली नातवंडंही जीवच आहेत. आधी लाईन, मग गाडी.