सतराशे पानं आणि एक कंट्रोल-एफ

हिंजवडीतल्या कुठल्याही एम्बेडेड टीममध्ये चक्कर मारा. प्रत्येकापुढे दोन स्क्रीन. एकीवर कोड, दुसरीवर पीडीएफ. कोडचे सगळे लाड: फंक्शनवर कर्सर नेला की व्याख्या हजर, सेमीकोलन विसरला की लाल रेघ. पीडीएफच्या वाट्याला फक्त कंट्रोल-एफ आणि ज्याचं त्याचं नशीब. या धंद्यात केस पिकले म्हणून स्पष्ट सांगतो: आपली डेव्हलपमेंट टूल्स चिपच्या बाबतीत अडाणी आहेत, आणि आपण मुकाट्याने सोसतो म्हणूनच ती अडाणी राहिली आहेत.

एसटीएम३२एफ४०७ घ्या. कॉलेजच्या प्रोजेक्टपासून सगळीकडे दिसणारी चिप. रेफरन्स मॅन्युअल सतराशे पानांच्या वर. टायमर-३ चं पीडब्ल्यूएम निघत नाही म्हणून एखादा पोरगा 'सीसीएमआर१' हे रजिस्टर शोधायला बसतो. कोडमध्ये आहे 'टिम३', मग बाण, मग रजिस्टर. तेच उचलून मॅन्युअलमध्ये टाकलं तर काही सापडत नाही, कारण तिथे बाण नाही आणि तीनच्या जागी 'एक्स' छापलाय. नुसतं 'सीसीएमआर१' टाकलं तर ढीग. टायमर १ आणि ८ चं प्रकरण वेगळं, २ ते ५ चं वेगळं, ९ ते १४ चं आणखी वेगळं, आणि तिन्हींत याच नावाचं रजिस्टर. घाईत पोरगा चुकीच्या प्रकरणात शिरतो, आणि तिथलं वर्णन इतकं मिळतंजुळतं असतं की चुकलोय हे कळायला संध्याकाळ होते.

मग टूललाच विचारावं म्हणून तो रजिस्टरवर कर्सर नेतो. चौकट उघडते: कॅप्चर-कम्पेअर मोड रजिस्टर १, ॲड्रेस ऑफसेट अमुक. हेडर फाइलमधली कॉमेंट, जशीच्या तशी! सदाशिव पेठेत जोशींचं घर विचारावं आणि 'जोशी राहतात ते' असं उत्तर मिळावं, त्यातली गत. त्याला हवं होतं एवढंच, की ओसी१एम या तीन बिटांत ११० लिहिलं की पीडब्ल्यूएम मोड १ लागतो. ते कंपनीने लिहिलेलं आहे, छापलेलं आहे, त्याच्याच डिस्कवर पडलेलं आहे. टूलला त्याचा पत्ता नाही.

हे झालं एका मॅन्युअलचं. पिनांचे अल्टरनेट फंक्शन डेटाशीटमध्ये, सिसटिक प्रोग्रॅमिंग मॅन्युअलमध्ये आणि चिपमधल्या चुका इरॅटामध्ये. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या ब्लू पिल बोर्डावरची एफ१०३ बघा. तिच्या आय-टू-सीचा ॲनालॉग फिल्टर कधीकधी चुकीची पातळी दाखवतो, बिझी फ्लॅग अडकून बसतो आणि मास्टर मोड सुरूच होत नाही. हे कंपनीने इरॅटामध्ये उपायासकट कबूल केलंय. पण ज्या ओळीत तुम्ही बिझी फ्लॅग तपासता, त्या ओळीवर टूल चकार शब्द काढत नाही. माणूस मात्र पुलअप रेझिस्टर बदलत बसतो.

तंत्र नव्हतं म्हणावं तर तेही खोटं. बोरलँडच्या टर्बो सी++ ची निळी स्क्रीन आठवते? शब्दावर कर्सर, कंट्रोल-एफ१, मदत समोर. ही गोष्ट १९९० च्या सुमाराची. रजिस्टर, बिट आणि पत्ते यंत्राला वाचता येतील अशा एसव्हीडी फाइली आज चिप कंपन्या स्वतः देतात. डीबगर रजिस्टरं नावानिशी दाखवतो, ते याच फाइलींच्या जोरावर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कित्येक डेटाशीट एचटीएमएलमध्येही देते. उरलं फक्त एकाला दुसऱ्याशी जोडणं.

ते करायचं सोडून आता टूलमध्ये एआय मदतनीस आणून बसवलाय. मॅन्युअल हाताशी न देता त्याला एफ४ चा पिन आउटपुट करायला सांगा. बिनदिक्कत सीआरएल रजिस्टरमध्ये लिहून देऊ शकतो. ते एफ१ चं रजिस्टर. एफ४ ला असतं मोडर. निदान इथे कंपायलर ओरडतो म्हणून वाचतो आपण. बिटाची किंमत चुकली तर तोही ओरडत नाही. मला असला वाचाळ मदतनीस नको. पान नंबरासकट उतारा दाखवणारा मुका कारकून द्या, मी त्याचे पाय धरीन.

पुण्यात आणि चाकणला गाड्यांचे कंट्रोलर करणाऱ्या कंपन्या चिपा लाखांनी उचलतात. विक्रेत्याचा माणूस डेव्हलपमेंट किट आणि पेन वाटायला येतो, तेव्हा आपण भावाची घासाघीस करतो, डिलिव्हरीची तारीख मागतो. यापुढे पर्चेस ऑर्डरमध्ये आणखी एक अट घाला: रजिस्टरच्या नावाने टूलमधूनच उघडणारं मॅन्युअल, आणि त्याच पानाला जोडलेला इरॅटा. नाही म्हणाला तर दुसऱ्याकडून कोटेशन मागवा.