गावाला ठाऊक होते : मार्केझची कादंबरी आणि ‘सगळेच दोषी’ नावाची पळवाट

गॅब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाची ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ ही छोटी कादंबरी १९८१ साली आली. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. जेमतेम सव्वाशे पानांचे हे पुस्तक एका बैठकीत वाचून होते. आमच्या अभ्यासवर्गात ते वाचावे असे आम्ही आग्रहाने सांगतो, पण त्यावर जे नेहमीचे बोलले जाते ते बाजूला ठेवून. नेहमीचे काय बोलले जाते? ही नियतीची कथा आहे, योगायोगांची साखळी आहे, माणसाच्या उदासीनतेचे चित्रण आहे, आणि शेवटी सगळे गावच दोषी आहे. यातले शेवटचे वाक्य ऐकायला फार न्यायाचे वाटते. आमचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

आधी गोष्ट. कोलंबियातील नदीकाठचे एक गाव. बायार्दो सान रोमान नावाचा बाहेरचा श्रीमंत माणूस गावात येतो, आंखेला विकारिओ या गरीब घरातल्या मुलीशी थाटामाटाने लग्न करतो आणि ती कुमारिका नाही म्हणून त्याच रात्री तिला माहेरी परत आणून सोडतो. आई तिला बदडते. भाऊ विचारतात, कोण? ती एक नाव घेते : सांतियागो नासार. पेद्रो आणि पाब्लो हे तिचे जुळे भाऊ, धंदा डुकरे कापण्याचा. ते आपले सुरे उचलतात, मटणबाजारात जाऊन धार लावतात आणि भेटेल त्याला सांगत सुटतात की आम्ही सांतियागोला मारणार आहोत. बाजारात हे ऐकल्याचे बावीस जणांनी पुढे जबानीत कबूल केले. भाऊ मग क्लोतिल्दे आर्मेंता या बाईच्या दुधाच्या दुकानात वाट बघत बसतात आणि तिथेही सांगतात. सकाळी सातच्या सुमारास सांतियागो स्वतःच्या घराच्या बंद दारावर भोसकला जातो. तोवर जवळपास सगळ्या गावाला कळलेले असते. फक्त ज्याला मारायचे त्याला अगदी शेवटी कळते.

मार्केझने हे हवेतून आणलेले नाही. १९५१ च्या जानेवारीत कोलंबियातल्या सुक्रे या गावी असाच एक खून झाला होता. मारला गेलेला तरुण मार्केझच्या ओळखीतला होता. लेखकाने तीस वर्षे ही गोष्ट मनात ठेवली आणि मग लिहिली.

आता ‘सगळेच दोषी’ या वाक्याकडे येऊ. या गावात ‘सगळे’ म्हणजे कोण? कादंबरी मनापासून वाचली तर तिथे एक उतरंड दिसते. वरच्या पायरीवर कर्नल लासारो आपोंते, गावचा कारभारी, म्हणजे आपल्या भाषेत प्रशासन आणि पोलीस एकत्र. त्याला बातमी मिळते ती त्याच्या न्याहारीची कलेजी आणायला गेलेल्या शिपायाकडून. त्याला घाई नाही. तो कपडे करतो, न्याहारी करतो, मग दुकानात जाऊन त्या दोघांचे सुरे काढून घेतो आणि त्यांना झोपायला पाठवतो. अटक नाही, पहारा नाही, ज्याच्या जिवावर बेतले आहे त्याला निरोपही नाही. भाऊ घरी जाऊन दुसरे सुरे घेऊन येतात. क्लोतिल्दे पुन्हा सांगते. कर्नल म्हणतो बघतो, आणि जाता जाता क्लबात शिरतो, रात्रीच्या डॉमिनोच्या डावाची वेळ पक्की करायला. बाहेर येतो तेव्हा काम झालेले असते.

मित्रांनो, हा कर्नल तुम्ही पाहिलेला आहे. अर्ज घेऊन ठेवणारा, ‘दोन्ही बाजूंना समज दिली’ असे स्टेशन डायरीत लिहिणारा, ‘तुम्ही पण जरा शांत राहा’ असे आपल्यालाच सांगणारा. सुरे काढून घेणे आणि माणसांना मोकळे सोडणे याला आपल्याकडे प्रतिबंधक कारवाई म्हणतात.

त्याच्या शेजारी फादर कार्मेन आमादोर. त्याला निरोप मिळतो. आधी त्याला वाटते हे आपले काम नाही, सरकारचे आहे. मग वाटते की जाता जाता मुलाच्या आईच्या कानावर घालावे. पण त्या सकाळी बिशपची बोट येणार असते आणि त्या गडबडीत तो चक्क विसरतो. बिशपला कोंबड्याच्या तुऱ्याचे सूप आवडते म्हणून गावाने कोंबडे गोळा करून ठेवलेले असतात. बिशप बोटीतून उतरतही नाही, दुरूनच आशीर्वाद देऊन निघून जातो. धर्मसत्तेवर यापेक्षा बोचरे लिहिलेले आम्ही फार थोडे वाचले आहे.

आणि तळाशी? तळाशी विक्तोरिया गुझमान. सांतियागोच्या घरची स्वयंपाकीण. कोवळ्या वयात सांतियागोच्या बापाने तिला भोगले आणि मन भरल्यावर घरी मोलकरीण म्हणून आणून ठेवले. आता तिची मुलगी दिविना फ्लोर वयात आली आहे आणि सांतियागोची नजर तिच्यावर आहे. खुनाच्या दिवशी सकाळीही तो तिचे मनगट धरतो, अंगावर हात टाकतो. आई सशाची आतडी काढत असते, हातात सुरी असते, ती त्याला दटावते. त्या क्षणी या दोघींना ठाऊक असते की बाहेर त्याला मारायला माणसे बसली आहेत. त्या बोलत नाहीत. बरीच वर्षे उलटल्यावर मुलगी कबूल करते की आईला आतून तो मेलेलाच हवा होता.

आता सांगा, कर्नलचे मौन आणि विक्तोरियाचे मौन एका तराजूत घालायचे का? एकाकडे बंदूक, शिक्का आणि कोठडी आहे. दुसरीकडे दोन पिढ्यांची अब्रू मालकाच्या ओसरीवर गहाण आहे. ‘सगळेच दोषी’ म्हणणारा समीक्षक या दोघांना एका ओळीत उभे करतो आणि मग हळहळतो. त्या हळहळीत कर्नल सुटतो. दोष सगळ्यांत सारखा वाटला की ज्याच्या वाट्याला जास्त यायला हवा त्याचा फायदा होतो. हा साधा हिशेब आहे. बाबासाहेबांनी विषमता पायऱ्यापायऱ्यांची असते हे आपल्याला शिकवले. मग जबाबदारीही पायऱ्यापायऱ्यांनीच मोजली पाहिजे.

याची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. सांतियागो नासार हा आपला माणूस नाही. तो अरब स्थलांतरिताचा मुलगा असला, गावात त्या लोकांकडे परके म्हणून पाहिले जात असले, तरी तो मळेवाला आहे, मोलकरणीच्या पोरीवर हक्क सांगणारा आहे. आमच्यातले काही तरुण विचारतात, मग त्याच्या मरणाचे आम्ही काय वाईट वाटून घ्यायचे? उत्तर असे की त्याला दिविना फ्लोरसाठी कोणी मारले नाही. तिच्यावरचा हात त्या गावात गुन्हाच नव्हता, रोजचा रिवाज होता. त्याला मारले ते विकारिओ घराण्याच्या ‘इज्जती’साठी, आणि तेही त्याने खरोखर काही केले होते याचा एकही पुरावा चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाला सापडलेला नसताना. मोलकरणीच्या मुलीची अब्रू मोजलीच जात नाही आणि लग्नाच्या बाजारात मांडलेल्या मुलीच्या अब्रूसाठी माणूस कापला जातो. हे दोन्ही एकाच नियमातून येते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर पहारा ठेवावा लागतो. मार्केझच्या गावात जात नाही हे खरे. पण पहारा आहे, आणि पहारेकऱ्याला खुनाची मुभा आहे.

म्हणूनच ते भाऊ इतके ओरडून सांगतात. गुपचूप मारायचे असते तर त्यांना कोणी अडवले असते? मार्केझ सुचवतो की कुणीतरी आपल्याला थांबवावे असेच त्यांना वाटत होते. ते खरे धरले तर गावाचा गुन्हा आणखी गडद होतो. सुरा ज्याच्या हातात आहे तोही मागे फिरायला तयार होता, पण लोकांनी त्याला मागे फिरू दिले नाही. पाब्लोची होणारी बायको पुढे स्पष्ट सांगते की त्याने हे केले नसते तर तिने त्याच्याशी लग्नच केले नसते. एकट्या क्लोतिल्देला कळते की या पोरांना या कामातून सोडवायला हवे, आणि तिच्या हातात काही नाही. खटल्यात वकील म्हणतो, हा अब्रूच्या रक्षणासाठी केलेला वध. न्यायालय ते मान्य करते. जामिनाला पैसे नव्हते म्हणून तीन वर्षे कोठडीत गेली तेवढीच, पुढे दोघे सुटतात.

इथे आम्हाला आपले गाव आठवल्याशिवाय राहत नाही. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. आई, मुलगी आणि दोन मुलगे. त्याआधीच्या मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली होती, आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. संध्याकाळी जमाव घरावर गेला. भर वस्तीत. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लावायला नकार दिला. जणू मारणाऱ्यांना जात नव्हती आणि मरणाऱ्यांनाही. २८ एप्रिल २०१४, खर्डा, जिल्हा अहमदनगर. सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून शाळेच्या आवारातून मारत नेला. किती डोळ्यांनी पाहिले असेल? २०१७ च्या नोव्हेंबरात न्यायालयात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. मार्केझच्या गावाने निदान जबानीत ‘ऐकले होते’ एवढे तरी कबूल केले. आपल्याकडे तेही नाही.

२२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाहीच्या यशाच्या अटी सांगितल्या. त्यांतली एक होती सार्वजनिक सदसद्विवेक : अन्याय कोणावरही होवो, ज्याच्यावर झालेला नाही त्यानेही खवळून उठले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गोऱ्या माणसाचे उदाहरण त्यांनी दिले आणि इथे अस्पृश्यांच्या बाजूने असे कोण उभे राहते असा प्रश्न केला. खैरलांजीने आणि खर्ड्याने त्याचे उत्तर दिलेले आहे.

पण विवेक जागा होईपर्यंत थांबा, असे बाबासाहेब कधी म्हणाले नाहीत. ते कायद्याचे माणूस होते. आणि कायद्यात गाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १६ उघडा. ते नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १०-अ कडे बोट दाखवते. एखाद्या भागातले रहिवासी गुन्ह्यात सामील असतील, त्याला चिथावणी देत असतील, गुन्हेगारांना आसरा देत असतील, त्यांना शोधायला शक्य ती मदत करत नसतील किंवा महत्त्वाचा पुरावा दडपत असतील, तर राज्य सरकार त्या भागावर सामुदायिक दंड बसवू शकते. म्हणजे मार्केझने कादंबरीत जे मांडले ते आपल्या कायद्याने कलमात लिहून ठेवले आहे. कलम १७ प्रतिबंधक कारवाईचे आहे. कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी आहे, सहा महिने ते एक वर्ष कैद. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कर्तव्यांची यादी आली, ही चांगली गोष्ट. पण त्याच कलमात अट आहे की प्रशासकीय चौकशीची शिफारस असेल तरच गुन्हा नोंदवायचा. म्हणजे कर्नलची चौकशी कर्नलच्याच कचेरीने करायची!

आणि आमची निवेदने पाहा. ‘नराधमांना फाशी द्या’, ‘खटला जलदगती न्यायालयात चालवा’, ‘कुटुंबाला मदत द्या’. तिन्ही रास्त. पण सुरा धरणाऱ्याच्या पलीकडे आमची नजर जात नाही. कलम १६ ची मागणी आम्ही किती निवेदनांत वाचली, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. गावाला दंड मागितला की निष्पाप लोक भरडले जातील, असा आक्षेप येतो. त्याचीही सोय कायद्यात आहे. कोणत्या व्यक्तींना किंवा वर्गाला दंडातून वगळायचे ते सरकार ठरवू शकते. विक्तोरियाला वगळा, क्लोतिल्देला वगळा. कर्नल, पाद्री आणि तमाशा बघायला चौकात जमलेले प्रतिष्ठित राहतील. मोजणी करायची तयारी हवी, एवढेच.

मार्केझचा निवेदक सत्तावीस वर्षांनी गावात परत जातो आणि घरोघरी फिरून एकच गोष्ट विचारतो : तुला कधी कळले, आणि मग तू काय केलेस? कोर्टाच्या दप्तरातून त्याला तीनशे बावीस पाने मिळतात, बाकीची गेलेली असतात. आपल्याला सत्तावीस वर्षे थांबायचे कारण नाही. यापुढे कुठल्याही गावी सत्यशोधन समिती जाईल तेव्हा मृताचे नाव, आरोपींची नावे, गुन्हा क्रमांक या रकान्यांच्या खाली आणखी एक रकाना काढा. पोलीस पाटील, सरपंच, बीट अंमलदार, तहसीलदार, मुख्याध्यापक : प्रत्येकासमोर त्याला कळल्याची वेळ लिहा, आणि त्यानंतर त्याने काय केले तेही. फोन केला असेल तर कॉलची नोंद मागा, अर्ज दिला असेल तर पोच जोडा. पोच दिली नसेल तर तसे लिहून सही घ्या.